पुडीच्या कागदावरचे तीन प्रश्न

माझे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, फौजेत मोटार चालवत. ते इटलीतून रजेवर आले तेव्हा ओसरीवर रोज माणसं जमत. सगळे तोफांचं विचारत. ते मात्र भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाच्या वासाचं सांगत, दारांवर चढवलेल्या अंगुराच्या वेलांचं सांगत. एकदा रेल्वेत शेजारच्या अनोळखी माणसानं आपला पाव चाकूनं कापून, जात न विचारता, अर्धा यांच्या हातावर ठेवला. ते सांगताना त्यांचा हात आपोआप पुढे होई. मी दाराआडून ऐकत असे.

धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर जायचं नाही, बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून विचारायचं ते जाऊबाईंमार्फत. मी सांगितलं, साऱ्या गावाचा पाव एकाच भट्टीत भाजतात तर आपला कोणता हे बायका कसं ओळखतात, ते विचारा. जाऊबाईंनी विचारलं, "तिकडच्या बायका लई गोऱ्या हाय का हो?" ओसरी हसली आणि माझं राहून गेलं.

असं तीन-चारदा झालं. रजा संपत आली; दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना स्टेशनावर सोडायला बैलांची दमणी जुंपायची होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी गुळाच्या पुडीचा कागद सपाट केला आणि पेन्सिलीनं तीन प्रश्न लिहिले. सुनेनं भासऱ्याला चिठ्ठी लिहिली हे सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, कळतं, तर त्यांनी मला माहेरी धाडलं असतं.

जाऊबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "काय व, मह्या नवऱ्याले काय लिहून राह्यली तू?"

"तुमच्यासमोरच वाचू द्या न, बाई."

"आत्याबाईनं पाह्यलं त दोघीचीबी वरात निघन." पण कागद पदराखाली घेऊन त्या गेल्या.

ओसरीवर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. भासऱ्यांनी वाचलं. मग बायकोकडे पाहत, पण दारापर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "ऐक. जिचातिचा लाकडी ठसा असते. भाजाच्या आधी पावावर उठवते. अन धुणं वाळते गल्लीच्या वर, या घरापासून त्या घराले दोरी बांधून. खालून चाललं की डोक्यावर थेंब पडते. उन्हात बरं वाटते."

तिसरा प्रश्न असा होता: तिथं बाई एकटी रेल्वेनं परगावी जाते का, आणि खिडकीशी बसून काय पाहते?

"जाते एकटी," ते म्हणाले. "पण काय पाहते, हे मी कधी ध्यानातच नाही घेतलं. आता पाहीन अन लिहीन."

"कोणाले लिहसान? मले कुठं वाचता येते?"

"तुह्याच नावानं धाडीन. वाचणारं माणूस घरात हाय."

तेवढ्यात सासूबाई परसातून आल्या. "कायचा कागद हाय रे?"

मी दाराला घट्ट धरलं.

"तिकडं पाहाच्या राह्यलेल्या गोष्टी हाय, माय," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून त्यांनी ती खाकी सदऱ्याच्या खिशात घातली.