मामाच्या जागी टिंबं

"टिंबं! माज्या मेव्हण्याच्या नावाच्या जागी टिंबं छापलीत तुमी!"

निमगाव सावाहून आलेला मुलीचा बाप ओरडत होता. आवाज असा, की नारायणगावच्या स्टँडवर उभ्या जीपमधले टोमॅटो जागेवर पिकले म्हणे. मी त्या छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचो. असले आवाज मला पंख्याच्या घरघरीसारखे झाले होते.

पत्रिका पाहिली. खरंच, 'वधूचे मामा' याच्यापुढे टिंबांची रांग, मुंगळे निघाल्यासारखी. बायकोला विचारून मानाप्रमाणे नाव सांगतो, तोवर जागा धरा, असं बापच म्हणाला होता. सोमवारी नाव आलं, मी नव्या फाइलीत घातलं. बुधवारी माझी सुट्टी. टिंबांच्या जुन्या नमुन्यातली वेलबुट्टी दुसऱ्या गिऱ्हाइकाला हवी होती, म्हणून मालकांनी तो फ्लॉपीवरून पुन्हा मशीनवर घेतला. मालकांचा कायदा एकच: यादीत सगळ्यात वर असेल ती फाइल ताजी. यादी लागली होती 'क्रिएटेड' तारखेनं. टिंबांची फाइल वर आली आणि छापून, वाटून मोकळी झाली.

आता मामा त्यांच्या आळे गावात रुसून बसले होते. "ते नाय आले तर पोरीला मांडवात कोण आणणार, राव?" बाप म्हणाला. एवढं मात्र हळू बोलला.

दुपारी तो मामांना जीपमध्ये घालून घेऊन आला. मामा दारातच थांबले. "दाजी, टिंबं ठेवून इचार चालला व्हता तुमचा, बोलवावं का न्हाई. मी रुसलो तवा नाव घुसडलं."

"मामा," मी म्हणालो, "सून घरात आली, त्याच दिवशी जन्मली का?"

"काय बोलतो हा?"

"क्रिएटेड म्हणजे फाइल या मशीनच्या घरात आली तो दिवस. टिंबांची म्हातारी बुधवारी फ्लॉपीवरून आली आणि नवी नवरी म्हणून वर बसली. मॉडिफाइड म्हणजे आतल्या मजकुरावर शेवटचा हात फिरला तो दिवस. नुसती कॉपी केली तर तो बदलत नाही."

मी मॉडिफाइडवर टिचकी मारली. म्हातारी खाली घसरली, मामांची फाइल वर. पुढे तारीख. मालक ती उघडून काहीतरी नीटनेटकं करायला निघाले, तसा बाप गरजला, "हात लावू नगा! तारीख बदलंल!" जुन्नरचा किल्ला हादरला असावा. मालक स्टुलावर बसले.

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारीख ताडली. सोमवार. त्यांच्या हातात पत्रिका पडली होती त्यानंतर, शनिवारी. 

"पावणं," बाप म्हणाला, "आता येताय ना?"

"येणारच व्हतो. भाचीची पिवळी साडी कवाच घेऊन ठेवलीया."