कामरगावच्या शाळेतली पंगत

कारंज्याच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी असताना सगळी सरकारी खाती एका छताखाली आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर अख्खं शस्त्रागार होतं. तरी आरोग्य, तहसील, समाजकल्याण, आधारवाले, सगळ्यांना मी कामरगावच्या शाळेत शिबिरासाठी आणून बसवलं. छत एक झालं, पण टेबलं वेगळीच राहिली, आणि प्रत्येकाला पंख्याखालचीच जागा हवी होती.

त्या गर्दीत एक बाई दिसली. लहानपणी पोलिओ झालेली, दोन्ही हात टेकत जमिनीवरून सरकत होती. शिवणकाम करायची. तीनचाकी सायकल मिळाली तर बसस्टँडवर मशीन मांडीन म्हणाली. सायकल समाजकल्याणच्या टेबलामागे उभीच होती. पण सायकलीसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं, डॉक्टरांना त्याआधी आधार दुरुस्त हवं, आणि आधारच्या यंत्रावर तिचे ठसे उमटेनात, कारण हातांवर चालून चालून बोटं घासली गेली होती. डोळ्यांवरून ओळख पटली असती, पण यंत्र टेबलावर आणि ती जमिनीवर. "तहसीलच्या टेबलावर विचारा," आधारवाल्यानं सांगून टाकलं.

"भाऊ मले पाठीवर घेऊन कारंज्याले गेला, वाशीमले गेला," ती मला म्हणाली. "आता तो पुण्याले कामाले चालला. आज नाही झालं तं मंग मले कोण नेईन?"

आणि ती पुन्हा तहसीलच्या टेबलाकडे सरकायला लागली. माझं डोकं फिरलं. सकाळपासून सगळ्या साहेबांशी गोड बोलून माझे गाल दुखत होते. मी सरळ माईक हातात घेतला.

"सगळे टाटपट्ट्यांवर बसून घ्या, पंगतीला बसता तसे. कोणी जागचं हलायचं नाही. साहेब लोक तुमच्याकडे येतील."

"मॅडम, आमी काय वाढपी हाओत काय?" तहसीलचे साहेब म्हणाले.

"आज आहात. पंगतीत जेवणारा कधी भांड्यापाशी जातो का?"

लोक हसले. हसणाऱ्या गावापुढे खुर्ची धरून बसणं अवघड असतं. आधी डॉक्टर उठले, मग बाकीचे.

आधारवाला यंत्र घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसला. डोळे समोरासमोर आले आणि यंत्रानं तिला ओळखलं. मग डॉक्टरांनी गुडघे टेकून तिचे पाय तपासले, कागद हातात दिला. समाजकल्याणचे बाबू स्वतः सायकल ढकलत आले. मला इतका आनंद झाला की शाळेची घंटा वाजवावीशी वाटली, आणि मी ती वाजवलीही.

तिला घेऊन आलेला भाऊ दारापाशी थांबला होता. तो तिला उचलून सायकलीवर बसवायला वाकला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. पंगतीत अजून बरीच माणसं व्हायची होती, आणि डॉक्टर वाशीमला निघायच्या बेतात बॅग आवरत होते.

"ताई, काहून बसून राह्यल्या?" मी विचारलं. "झालं ना तुमचं."

"माह्यं झालं," ती म्हणाली. "पण शेवटच्याचं होऊ द्या. पंगतीतून मंधातच कोणी उठते काय?"

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली आणि पुढच्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसले.