पाठ करून बसणारी बाई

डिंडोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. तिच्या खाटेखाली नेहमी एखादं भेदरलेलं कुत्रं असायचं. मार खाल्लेली, जखमी कुत्री वाचवणारी काही मुलं ती तिच्याकडे सांभाळायला ठेवत. माणसांची भीती गेली की त्यांना कायमचं घर मिळे.

बाई कुत्र्याला हाक मारत नसे, त्याच्याकडे बघतही नसे. पाठ करून काम करी आणि मधूनच भाकरीचा तुकडा मागे सरकवी.

एकदा मी कामावरून परतत असताना तिने मला थांबवलं. आमची ओळख नव्हती, पुढेही मी तिचं नाव विचारलं नाही.

"भाऊ, जरा आत बसता का? खाटेकडे पाठ करा, हात मोकळा सोडा. बोलू नका."

"मी कशाला?"

"खाटेखाली काळी कुत्री आहे. माझ्याजवळ येते ती आता. पण तिला न्यायला येतील ते परकेच असतील ना."

मी बसलो. खाटेखाली नखं वाजली आणि थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या बोटांना ओलं नाक लागलं. बाईने वर पाहिलं नाही, पण तिचे हात साडीवर थांबले होते.

पुढच्या रविवारी एक जोडपं रिक्षा घेऊन आलं. काळी कुत्री आधी अडखळली, मग आपणहून रिक्षात चढून त्यांच्या पायाशी बसली. रिक्षा वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"मागे पाहिलं असतं तर वाटलं असतं," बाई म्हणाली आणि तिने पुढची साडी ओढली.