टेम्पीच्या दोरीवरची चादर

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जियातल्या त्या गावात गोऱ्यांचे कपडे धुणारी टेम्पी कुणालाच भीत नव्हती, असं नाही. भीत होती, पण भीतीला ती उंबऱ्याबाहेर बसवून ठेवी. गुलामी सुटली त्या दिवशी तिने मालकाचं आडनाव टाकलं आणि स्वतःच्या पसंतीचं लावलं.

उत्तर-दक्षिण लढाईनंतरच्या उपासमारीत सरकारच्या मदत कचेरीने आधी मक्याचं पीठ दिलं, मग पुस्तकं आणि उत्तरेकडची एक तरुण मास्तरीण. पिठापर्यंत गोरे नुसते गुरगुरले. टेम्पीने आपल्या अंगणात काळ्या पोरांसाठी शाळेचं खोपट उभं केलं, तेव्हा मात्र पांढऱ्या चादरी पांघरलेले घोडेस्वार आले. “लढाईत मेलेल्यांची भुतं आहोत आम्ही!” असं ओरडत खोपट पेटवून गेले. मास्तरीण परत जायला पेटी भरू लागली.

सोमवारी रॅग्सडेल या गोऱ्या कुटुंबाकडचं धुणं आलं. टेम्पीने गाठोडं सोडलं, तर आत एक चादर: काजळीने माखलेली, घासलेटचा वास मारणारी, मधोमध डोळ्यांपुरती दोन भोकं. त्यांच्या मोलकरणीने न बघताच सगळं एकत्र बांधलं होतं.

तिचा नवरा आयझम हादरला. “धू, रफू कर, गुपचूप परत दे.”

“मेल्यावरसुद्धा यांचं धुणं मीच करू होय?” असं म्हणत टेम्पीने चादर न धुताच रस्त्याकडच्या दोरीवर टाकली.

बाजाराला निघालेले गोरे मान खाली घालून गेले. काळ्यांच्या घरांतून, जाळपोळीनंतर पहिल्यांदाच, हसू ऐकू आलं.

दुपारी रॅग्सडेलबाई घोडागाडीतून उतरल्या.

“टेम्पे, काढ ती चादर.”

“कुणाची आहे?”

“मला काय ठाऊक!”

“मग तुम्हाला कशी देऊ? आणि मला टेम्पीबाई म्हणायचं.”

“माज आलाय तुला! आमचं धुणं बंद आजपासून.”

“बरं. बाकीचं गाठोडं तेवढं उचला, जड आहे. आणि घरी सांगा, ज्याची चादर असेल त्याने दिवसाउजेडी यावं, पोरांसमोर ‘माझी’ म्हणावं. लगेच देते.”

संध्याकाळ झाली तरी कुणी आलं नाही. आयझम दारात बंदूक घेऊन बसला. पहाटेपर्यंत उठला नाही.

सकाळी पोरं राखेवरच बसली. मास्तरणीने पेटी उघडून पुस्तक काढलं. पहिलं अक्षर तिच्या तोंडून जेमतेम फुटलं.

“मोठ्याने, बाई,” टेम्पी म्हणाली. “रॅग्सडेलांच्या ओसरीवर ऐकू गेलं पाहिजे.”