पानात टाकायचं नाही

गवती चहाचं पातं बोटांत चुरडलं, की आधी गंध येतो आणि मागून आठवण, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. हल्ली क्रम उलटला आहे. आज सकाळी बाल्कनीचं दार उघडलं, दोह्याची ओल्या टॉवेलासारखी हवा अंगावर आली, आणि कुंडीला हात लावण्यापूर्वीच मला बँकॉकची नदी दिसली. रुंद, मातकट, संध्याकाळच्या उन्हात उजळलेली, आणि तिच्या काठावर वाफाळत्या वाडग्यापुढे बसलेला माझा नवरा, अविनाश.

ईदच्या सुट्टीत अर्धं दोहा आपापल्या गावी जातं आणि उरलेलं अर्धं बँकॉकला, असं तो म्हणायचा. आम्हीही गेलो, तो, मी आणि आमची लेक इरा. काय वर्णावं त्या नगरीचं! फुलबाजारात झेंडूच्या राशी अशा, की आपला दसरा रुसून इथे राहायला आला की काय? नदीपल्याड अरुणाच्या, सूर्याच्या त्या पांगळ्या सारथ्याच्या नावाचं मंदिर. चिनीमातीच्या तुकड्यांची फुलं अंगभर ल्यालेलं. मला देवळांची घाई, इराला मॉलची. अविनाश ‘यल्ला, यल्ला’ करत आम्हा दोघींना पुढे पिटाळायचा, आणि खाण्याची गाडी दिसली की स्वतःच थबकायचा.

नदीकाठच्या खानावळीत आंबट-तिखट सूप आलं, आणि त्याच्या वाफेत, अगंबाई, आपल्या घरच्या चहाचा वास! “अगं, हा तर गवती चहा!” हा लहान मुलासारखा हरखला. कोळंबी संपली, रस्सा संपला, तळाशी उरले नुसते वासापुरते घातलेले गवती चहाचे जाडजूड दांडे. त्यानं तेही तोंडात टाकले. चावतोय, चावतोय, डोळ्यांतून पाणी, कानशिलं लाल! जेवण वाढणारी मुलगी ‘नो ईट, नो ईट’ करत धावत आली. मी त्याची बाही ओढली. इरा “बाबा, प्लीज, एव्हरीवन इज लुकिंग” म्हणत टेबलाखाली शिरायच्या बेतात. आणि हा पठ्ठ्या मोठ्या कष्टानं घास गिळून शांतपणे म्हणाला, “पानात टाकायचं नाही.” नाशिकला त्याच्या आईनं लावलेलं ते वळण, ते बँकॉकला तरी कसं सुटावं? त्या मुलीला काय कळलं कोण जाणे, पण ती पोट धरधरून हसली, आणि नारळाच्या दुधातला चिकट भात अन् आंबा तिनं आपणहून आणून ठेवला.

केवढी गंमत आहे पाहा! गवत एकच, आपण त्याची पाती चहात घालतो आणि दांडा टाकून देतो, ते दांडा रांधतात आणि पाती टाकून देतात. माणसंसुद्धा आपण अशी अर्धीमुर्धीच ओळखत असू का? परतल्यावर अविनाशनं इथल्या दुकानातून दांड्यांची जुडी आणली, पेलाभर पाण्यात उभी केली, मुळं फुटली तशी कुंडीत लावली, आणि कुंडी ठेवली एसीच्या नळीखाली. बाहेर वाळवंट भाजून निघत असताना तो ठोंब त्या ठिबकत्या पाण्यावर जगला, जगला कसला, माजला! रोज सकाळी तो पाती कापायचा आणि चहाचं आधण ठेवायचा.

मग एका दुपारी, साधा वरणभात होता, अविनाशनं ताट बाजूला सारलं. भाताची अर्धी मूद तशीच. “नको गं, जात नाही,” म्हणाला. डॉक्टरांनी कर्करोगाचं नाव पुढे यथावकाश घेतलं. मला त्या उरलेल्या भातानंच सगळं सांगितलं होतं. पुढची ईद त्यानं पाहिली नाही.

आमचा इथला मुक्काम त्याच्या नोकरीच्या व्हिसावर. तो गेला, व्हिसा खलास, घर खलास. इराच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत मिळाली, ती परवा संपते आहे. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या फ्लॅटमध्ये मी संसार केला, लेक वाढवली; इथल्या खुर्चीला अजून त्याच्या पाठीचा खळगा आहे. आणि इथे मला रडायलासुद्धा मुदत? संतापच येतो, पण चिडू कुणावर? सामान कंटेनरनं जाईल. कुंडी जाणार नाही. घर बंद झालं की एसी बंद, आणि एसी बंद झाला की या उन्हात ती टिकणार नाही. तहानेनं वाळून मरायला तिला मागे ठेवायची? माझ्यानं होईना.

म्हणून आज मी तो ठोंब मुळापासून उपटला आणि दुपारी सूप केलं. बांधलेल्या खोक्यांवर बसून आम्ही दोघी जेवलो. इरा आता शहाणी झाली आहे. तिनं दांडे वेचून वाडग्याच्या काठाशी नीट लावून ठेवले. मी माझ्या वाडग्यातला एक उचलून तोंडात टाकला.

“आई, यू डोन्ट ईट दॅट.”

मी चावत राहिले. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनंही काठावरचा एक दांडा उचलला.

किती चिवट असतो हो तो! चावता चाववत नाही, गिळता गिळवत नाही, वास तेवढा नाकाडोळ्यांत चढत राहतो. डोळे पुसायला आम्ही दोघीही थांबलो नाही. बाहेर रिकाम्या कुंडीत एसीचं पाणी टपटपत होतं. शेवटचा दांडा संपला तेव्हा इरा हळूच म्हणाली, “बाबा हसला असता.”

तिनं उठून वाडगी विसळून ठेवली. मी मात्र अजून हात धुतलेले नाहीत.