कंबरेच्या मापाची सायकल

राहनाळच्या एका गोदामात मी माल तपासायला होते. काम उभ्याचं. कंबर आधीपासून दुखायची, पण शेअर रिक्षाने तिची वाट लावली. खड्ड्यांतून आपटत गेलं की उतरताना पाय उचलत नसे. डॉक्टर म्हणाले, रिक्षा बंद करा. पाठ ताठ राहत असेल तर सायकल चालेल. नवरा म्हणाला, त्यापेक्षा नोकरीच बंद कर. नोकरी मला सोडायची नव्हती. रविवारी आम्ही सायकलच्या दुकानात गेलो.

आमच्याकडे सायकल घेतात ती स्टँडवर बसून. उलटे पेडल मारायचे, घंटी वाजवायची, घेऊन टाकायची. लेकीची अशीच घेतली होती. हँडल एवढं लांब निघालं की पोरगी ओणवी होऊन चालवायची.

"चलाके देखूंगी," मी म्हटलं.

"भाभी, चलाके कौन लेता है? टायर गंदा होगा," दुकानदार म्हणाला.

"धो के दूंगी."

नवरा हळूच म्हणाला, "अगं, सायकल घ्यायचीय, जावई नाही."

"जावयावर बसून मला कामाला जायचं नाहीये."

पहिली होती गियरची, सरळ हँडलची. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. सगळा भार मनगटांवर आणि कमरेवर. दुसरी लेडीज, हँडल अंगाकडे वळलेलं, रुंद सीटखाली स्प्रिंग. ही बरी होती, पण सीट इतकी खाली की गुडघे वर येत आणि कंबर खचे.

"सीट ऊपर करो."

"भाभी, पाँव पूरा नहीं टिकेगा. गिर जाओगी."

"रुकना थोडा है, चलाना ज्यादा है."

त्याने पाना घेतला. सीट दोन बोटं वर, मग हँडलही वर. या खेपेला मी मुद्दाम शेजारच्या कापडाच्या लूमच्या गल्लीतल्या खड्ड्यांतून नेली. पाठ ताठ राहिली. मोठा खड्डा आला की पेडलवर जरा उठायचं, एवढं तिथेच कळलं. तीच घेतली.

सोमवारी थोडी लवकर निघाले. टेम्पोवाल्यांनी हॉर्न मारले. मी कडेने गेले. गोदामाच्या दारात उतरले ती भिंत न धरता आत गेले आणि कापडाच्या गाठी मोजायला लागले. संध्याकाळी कंबर दुखलीच, पण कामाने दुखली, रस्त्याने नाही.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "मग, नोकरीचं काय ठरवलंस?"

"उद्यापासून डबा अर्धा तास आधी लागेल," मी म्हटलं. "भाजी तुम्ही चिरा."