चिंचेच्या पाण्यातलं विमान

लढाईच्या दिवसांत आमचे हे दूर मुलखात विमानांच्या कारखान्यात फिटर होते. एकदा रजेवर येताना त्यांनी मोडक्या विमानाच्या पत्र्यातून स्वतः घडवलेलं वीतभर विमान आणलं. पंख, शेपूट, पुढचा फिरता पंखा, सगळं बारीक स्क्रूंनी जोडलेलं. रजा संपली, ते गेले, आणि विमान स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिलं. पावसाळा सरेपर्यंत चुलीच्या धुराने आणि ओलीने ते पार राखाडी पडलं.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. विमान मांडीवर घेऊन त्या बोटांनी चाचपत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "पोरी, याना पंख खरबरा कसा लागी ऱ्हायना? पह्यले गुळगुळीत व्हता."

मला वाईट वाटलं. घासायचं ठरवलं, पण राखेने नाही. बाजारातून नवंच आणलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं राखेने घासून काळं झालेलं मी पाहिलं होतं. त्याच पातेल्यात पुढे चिंचेचं सार उकळलं, तर आतून ते लख्ख निघालं. विमानाचा पत्राही त्याच धातूचा, मग त्याला का नको?

मामंजींनी सुरीच्या टोकाने स्क्रू काढले. कुठला भाग कुठला ते विसरू नये म्हणून एकेक भाग विमानाच्याच आकारात ताटात मांडत म्हणाले, "इसरी गऊत ते जोडसूत कसं?"

मी चिंचेच्या पाण्यात सगळे भाग उकळले. मग खडू कुटून, वस्त्रगाळ करून, तेलाच्या थेंबात कालवला आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पंख घासू लागले. फडकं काळं होत गेलं. बदललं, तेही काळं. हात भरून आले. आणि मग त्या काळ्याखालून माझंच कपाळ मला दिसलं, कुंकवासकट. मी घासायची थांबले. इतकी चमक या पत्र्यात कुठे दडली होती?

मामंजींनी पंख तळहातावर तोलला. "इतलं हलकं! आन् असाच पत्रामा मानसं बठतस?" त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता.

नीट पाहावा म्हणून मी पंख दाराकडे धरला. उन्हाचा कवडसा भिंतीवर उडाला आणि सरकत सासूबाईंच्या तोंडावर गेला. त्या दचकल्या, ऊन कुठून आलं ते विचारू लागल्या.

"घरमा ऊन कथाईन उनं?"

"आत्या, तुमना पोऱ्यानं इमान शे ते," मी सासूबाईंना म्हटलं.

मी पंख हळूच फिरवला. कवडसा भिंतीवर चढला, आणि त्यांची मान त्याच्यामागे वळली. खाली आणला, मान खाली आली. "आते वर गयं! आते तथा!" त्या बोट दाखवत होत्या. कित्येक महिन्यांत त्यांनी कशाकडे बोट दाखवलं नव्हतं. मामंजींनी ताट पुढे ओढून उरलेले भाग स्वतःच घासायला घेतले, आणि संध्याकाळपर्यंत विमान पुन्हा जोडून झालं.

लढाई संपल्यावर हे घरी आले. सासूबाई पहिलंच वाक्य बोलल्या, "तुन्हं इमान मी उडतांना दखं."

आई भ्रमली, असं वाटून यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी विमान उन्हात धरलं. रोज खरी विमानं हाताळणारा माणूस, पण भिंतीवरच्या त्या उजेडामागे फिरणारी आईची मान पाहत हे दारातच उभे राहिले. खांद्यावरची पिशवीही त्यांनी खाली ठेवली नव्हती.